घोटभर पाणी

मळणी तोंडावर आली होती आणि रिकामी पोती रानातल्या खोपटात माळ्यावर पडून होती. कृष्णात दुपारचं जेवून ती काढायला निघाला, तेव्हा त्याची बायको लीलाबाई म्हणाली, "आवं, ऊन तरी उतरू द्या की."

"ऊन काय मला खातंय व्हय?" तो म्हणाला आणि टोपी चढवून चालू पडला. अर्धं आयुष्य फौजेत काढून हवालदार म्हणून परतलेला माणूस. कोरेगावच्या उन्हाचं त्याला काय कौतुक!

पोत्यांच्या थप्पीत हात घातला तेव्हा करंगळीजवळ काहीतरी टोचलं. काटा असेल म्हणून त्यानं बोट झटकलं आणि पोती खाली टाकली. दुखलं नाही, सुजलं नाही. दिवेलागणीला पोटात मुरडा आला. मग पापण्या जड व्हायला लागल्या, आणि चहाची बशी तोंडाला लावली तर चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळला. त्याचा मुलगा जयराज बॅटरी घेऊन खोपटाकडे पळाला. पोत्याच्या घडीत काळीभोर, पांढऱ्या कड्यांची मण्यार निवांत पडलेली होती.

मण्यार चावली की वेदना नसते, माणूस नुसता मिटत जातो. शेजाऱ्याची गाडी काढली. साताऱ्याच्या वाटेवर त्याची मान लीलाबाईच्या खांद्यावर कलली आणि छातीला श्वास ओढायचं जमेना. दवाखान्याच्या दारात कुणीतरी ओरडलं, "नळी टाका, लवकर!" घशातून काहीतरी खरवडत आत उतरलं आणि सगळं काळं झालं.

पण हा काळोख बेशुद्धीचा नव्हता. कृष्णात जागा होता. पापण्या उचलत नव्हत्या, बोट हलत नव्हतं, तोंडात नळी असल्यामुळं आवाज फुटायचा प्रश्नच नव्हता. छाती मशीनच्या तालावर वर जायची आणि खाली यायची. ती आपली आहे असं वाटायचंच नाही. आपल्याच अंगाच्या कोठीत आपल्याला कोंडून बाहेरून कडी घातलीय, असं त्याला वाटत होतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. मशीनचा उसासा. कुठंतरी थेंब थेंब. आणि आयसीयूचं जड दार, जे उघडून मिटताना दर वेळी 'धप्प' असा आवाज करायचं.

"काका, तुम्हाला ऐकू येतंय, मला ठाऊक आहे," एक बाईमाणसाचा आवाज कानाशी म्हणाला. "मी अंकिता. सिस्टर आहे इथली, जतकडची. आमच्याकडं ही मण्यार लय. घाबरू नका. विष उतरलं की जसे गेलात तसे परत याल. उजव्या पायाचा अंगठा तेवढा हलवून बघा बरं."

कृष्णातनं सगळा जीव अंगठ्यात आणला.

"हलला की! आता असं करू. हो म्हणायचं तर एकदा, नाही म्हणायचं तर दोनदा. चालेल?"

एकदा.

त्या एका अंगठ्याच्या धाग्यानं तो जगाला बांधलेला होता.

दिवस कुठला, रात्र कुठली, आत काही कळत नव्हतं. खिडकी नव्हती. लीलाबाईला दुपारी भेटायला सोडलं की तो मनाशी म्हणायचा, आता दुपार. तहान मात्र सारखी होती. पाणी सलाइनमधून अंगात जातं म्हणे, पण घशाला ते कसं कळणार? जीभ वाळल्या चामड्यासारखी टाळूला चिकटलेली. राजस्थानात, वाळूतल्या चौकीवर त्यानं तहान सोसली होती. पण तिथं पाण्याची गाडी कधी येणार ते विचारता तरी यायचं.

असाच एकदा तो तहानेनं व्याकुळ होऊन पडलेला असताना त्याला ओल्या पावलांचा आवाज आला.

अनवाणी पावलं. फरशीवर चप्... चप्... अशी सावकाश येणारी. त्यांच्याबरोबर एक वास आला, औषधांच्या वासाला बाजूला सारणारा. नव्या माठात पहिल्यांदा पाणी भरल्यावर येतो तसा. पावलं त्याच्या पायथ्यावरून पलीकडच्या कॉटकडे गेली. तिथं वीरधवल नावाचा तरणा मुलगा होता, मोटारसायकलवरून पडलेला. घागर टेकल्याचा आवाज झाला. मग तांब्यात पाणी ओतल्याचा. गुडगुड, गुडगुड.

"घसा सुकला व्हय रं, लेकरा?" म्हातारीचा आवाज. मायेचा. "घे. घोटभर घे. आदी ते तोंडातलं काड."

कृष्णातला वाटलं, मुलाची आजी असेल. पुढच्याच क्षणाला मशीन केकाटायला लागलं, सिस्टरांची पळापळ झाली, कुणीतरी म्हणालं, "अरे, ह्यानं नळी उपसली!" मुलगा खोकत होता, कण्हत होता, पण स्वतःचा श्वास घेत होता. नशीब त्याचं. पुढं सगळ्या हसल्याही. "पठ्ठ्यानं डॉक्टरांचं काम वाचवलं," असं कुणी म्हणालं. एवढंच कुणीतरी पुटपुटलं, "छातीवरचं सगळं भिजलंय गं याचं. सलाइन गळलं का काय?"

होतं असं, आयसीयूत. माणसं भ्रमात नळ्या उपसतात. कृष्णातनंही ते सोडून दिलं असतं. पण एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. ती म्हातारी आली तेव्हा आणि गेली तेव्हा, दाराचा 'धप्प' असा आवाज झालाच नव्हता.

वीरधवलला वरच्या वॉर्डात हलवलं आणि त्याच्या कॉटवर नानासो आले. कवठे महांकाळचे म्हातारे, लेकीकडं साताऱ्याला आले असताना छातीत कफ दाटलेला. सारखी वळवळ करायचे. नळी चावायचे, की लगेच मशीनचा गजर व्हायचा आणि अंकिता धावत यायची. "आजोबा, नळी चावू नका हो. चावली की हवा अडते, जीव घाबरतो." शेवटी त्यांचे दोन्ही हात कॉटच्या दांड्याला पट्ट्यांनी बांधले. ते बांधताना ती त्यांची समजूत काढत होती, ते कृष्णातनं ऐकलं.

आणि मग पुन्हा तो वास आला. चप्... चप्...

"नानासो," म्हातारी म्हणाली. नाव तिला कुणी सांगितलं नव्हतं. "टँकरची वाट बघून बघून डोळं गेलं न्हवं रं तुजं दुस्काळात? बग, घागर भरून आनलीया." दांड्यावर काहीतरी चाचपल्याचा आवाज. "हात बांधल्यात व्हय? थांब... थांब हं, बाबा..."

पट्टीची गाठ सुटताना होते तशी बारीक सळसळ. एक. मग दुसरी.

कृष्णात आतल्या आत ओरडत होता. ओरडणं घशाच्याही खाली कुठंतरी फुटत होतं आणि तिथंच विरत होतं. अंगठा त्यानं हलवला, पुन्हा पुन्हा हलवला. पण बघायला कुणी नव्हतं. नळी बाहेर आल्याचा ओला आवाज त्यानं ऐकला. आणि मग नानासो पाणी प्यायला लागले.

घट्... घट्... घट्...

मशीन केकाटलं. दार धप्पकन उघडलं. डॉक्टर भार्गवी मॅडमचा आवाज, छाती दाबल्याचे आवाज, परत नळी टाकायची धडपड. बराच वेळ. शेवटी मॅडम हळू म्हणाल्या, "थांबूया." मशीन बंद केलं. पाठोपाठ एक चादर ओढल्याचा आवाज आला.

घट्... घट्... ते मात्र थांबलं नव्हतं. कृष्णातला ते आणखी कितीतरी वेळ ऐकू येत होतं. चादरीखालून.

"गाठ कुणी मारली होती?" मॅडमनी विचारलं. 

"मीच, मॅडम. घट्ट होती. देवाशपथ घट्ट होती."

नंतर अंकिता कृष्णातचं ब्लडप्रेशर बघायला आली तेव्हा तिच्या नाकाचा सूं सूं आवाज येत होता. तिच्या हाताला त्याच्या पायाचा अंगठा लागला. तो हलत होता.

"काय, काका? काही सांगायचंय?"

एकदा.

"दुखतंय कुठं?"

दोनदा.

"श्वास कोंडतोय?"

दोनदा. दोनदा. विचार, बाई, त्या म्हातारीचं विचार, कुणी आलं होतं का ते विचार...

"झोप लागत नाही? थंडी वाजते? घरचं माणूस हवंय?" ती विचारत गेली, तो नाही नाही म्हणत गेला. मग ती थांबली. "पाणी?"

त्याचा अंगठा थरारला. एकदा! एकदा!

"अरे देवा, तहान लागलीय होय," अंकिता कळवळून म्हणाली. "पाणी नाही देता येत हो, काका. नळी आहे ना. थांबा, ओठ ओले करते." आणि तिनं कापसाच्या बोळ्यानं त्याच्या ओठांवरून हळूच ओल फिरवली. तेवढ्या ओलीनं तहान चाळवली आणि आगीसारखी वर आली. कृष्णातच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं तेही पुसलं.

त्यानंतर म्हातारी त्याच्याकडं आली.

पावलं पायथ्याशी थबकली. थंडगार, ओलं काहीतरी त्याच्या मनगटावरून फिरलं, बोटांच्या पेरांवरून फिरलं. बाजारात बैलाचे पाय चाचपून बघतात तसं.

"तुजं हात अजून आलं न्हाईत, हवालदार," ती म्हणाली. "येतील. मी हाय हितंच. मला काय घाई न्हाई."

आता बघा, बाकीची माणसं देवाकडं मागतात ते बरं होणं. कृष्णात मागायला लागला की बरं होऊ नये. औषध लागू पडत होतं. पापणीच्या फटीतून उजेडाची रेघ दिसायला लागली. जबडा दाबता येऊ लागला. एक दिवस डाव्या हाताची करंगळी आपोआप हलली. त्यानं ती लपवायचा प्रयत्न केला. भार्गवी मॅडम हात धरून "दाबा, काका, माझं बोट दाबा" म्हणायच्या, तेव्हा तो मुद्दाम मढ्यासारखा पडून राहायचा. पण अंग किती दिवस लपवणार? एकदा अंकिता कूस बदलत असताना त्याच्या हातानं नकळत दांडा धरला.

"हात आले!" ती जवळजवळ ओरडलीच. "काका, हात आले तुमचे!"

दोनदा. दोनदा. दोनदा.

"नाही काय? हे बघा, धरलाय की दांडा." मग तिनं वाकून त्याच्या तोंडाकडं बघितलं असावं. "काका... तुम्हाला भीती वाटतीय?"

एकदा.

"नळी... तुमच्या हातून निघेल म्हणून?"

एकदा.

"हात बांधू?" तिनं अगदी हळू विचारलं.

एकदा. आणि मनात, देव तुझं भलं करो, पोरी.

"सोडा म्हणणारे लय बघितले," पट्ट्या आवळताना ती म्हणाली. "बांधा म्हणणारे तुम्ही पहिलेच." तिनं दोनदा गाठ मारली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी दार धप्प झालं आणि बांगड्यांच्या आवाजावरून त्यानं लीलाबाईला ओळखलं. ती जवळ आली, नेहमीसारखी कपाळावरून हात फिरवला. मग तिचा हात खाली आला आणि थांबला.

"अगं बया... हे काय?" तिचा आवाज कापला. "गुरासारखं बांधलंय माज्या मानसाला!"

नको, लीले. हात लावू नकोस.

"वळ उठल्यात की वं... किती आवळल्यात. ह्यांस्नी काय काळीज हाय का न्हाई?" ती पदरानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हातानं चिकटपट्टी उचकटत होती.

कृष्णातनं अंगठा हलवला. दोनदा, दोनदा, जीव तोडून दोनदा. पण ती खूण अंकिताची होती. लीलाबाईला ती कुणी सांगितलीच नव्हती.

"पाय का असं करतायसा? गार लागतंय व्हय?" ती म्हणाली, आणि मायेनं त्याचे पाय पांघरुणात गुंडाळून टाकले. मग दोन्ही गाठी सैल करून, वरून दिसू नयेत म्हणून पट्ट्या तशाच मनगटावर ठेवून दिल्या. "बगा, आता बरं वाटंल. सिस्टरला सांगू नगा हं." स्वतःच्या बोलण्याला ती रडत रडत हसली. वेळ संपल्याचं कुणीतरी बाहेरून ओरडलं. बांगड्या लांब गेल्या.

धप्प.

मशीनचा उसासा तेवढा उरला.

मग माठाचा वास आला. या वेळी इतका दाट, की नळीतून थेट छातीत उतरला. चप्... चप्... त्याच्या उशाशी घागर टेकली. पापणीच्या फटीतून त्याला पितळी तांब्याची कड दिसली आणि तांब्याला धरलेली बोटं दिसली. पांढरीफटक, फुगलेली, सुरकुतलेली. फार फार दिवस पाण्यात राहिलेली. त्या बोटांच्या वर तोंड असणार होतं. पण पापणी तेवढी वर गेली नाही. त्यासाठी तो आजही खंडोबाला नारळ फोडतो.

"आलं न्हवं हात?" ती म्हणाली. "मी म्हनलं न्हवतं? घे."

तिनं काही जबरदस्ती केली नाही. त्याच्या कोपराखाली फक्त तळहात धरला, चालायला शिकणाऱ्या पोराला आधार द्यावा तसा, आणि त्याचा हात आपोआप पट्टीतून निसटून वर उठला. खरं भय तेच होतं. हात त्याचाच होता, आणि त्या हातालाही तहान लागली होती. तांब्यातलं पाणी हलत होतं, त्याचा आवाज येत होता. बोटं गालाशी आली. नळीची चिकटपट्टी उचकटली. नळीभोवती मूठ वळली.

"वड," म्हातारी म्हणाली. "घोटभरच... मग कसली तहान न्हाई, काय न्हाई..."

त्या क्षणी त्याला नानासोंचं पिणं आठवलं. चादरीखालचं.

मूठ ओढायला लागली. हात आवरत नव्हता, ओरडता येत नव्हतं. जबडा तेवढा त्याचा होता. कृष्णातनं नळी दातांत धरली आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून चावली.

हवा बंद झाली. मशीननं धडक मारली, परत मारली. छाती फुटायला आली, फटीतली उजेडाची रेघ लाल झाली, काळी झाली. हात बाहेर ओढतोय आणि दात आत धरतायत. कानाशी तांब्या हिंदकळतोय. त्यानं दात सोडले नाहीत.

मशीन केकाटलं.

"बरं," म्हातारी शांतपणे म्हणाली. "तुला नगं, तर नगं."

दार आपटलं. अंकिता धावत आली, दोन्ही हातांनी त्याची मूठ उकलली. "सोडा, काका! दात सोडा, मी आहे, मी आहे!" हवा आत आली. तिनं त्याचा हात छातीशी धरून ठेवला होता आणि मग एकाएकी तो उचलून उजेडाकडं नेला.

"कोपरापर्यंत ओला आहे हो हात," ती म्हणाली. 

मग ती खाली वाकली. फरशीकडं बघत राहिली असावी. उठल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला, अगदी कुजबुजत. "तुम्ही त्या दिवशी पाणी म्हणालात... ते तहानेचंच होतं का, काका?"

दोनदा.

त्यानंतर नळी निघेपर्यंत अंकितानं खुर्ची त्याच्या कॉटशी लावली. तिची पाळी संपली की दुसरीला बसवून जायची. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. भार्गवी मॅडमनी नळी काढली, पहिलं चमचाभर पाणी अंकितानं पाजलं, आणि हवालदार लहान पोरासारखा रडला. घोगऱ्या आवाजात त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं मान खाली घालून ऐकलं. "तुमची आणि आजोबांची, दोन्ही कॉट आता तिथून हलवल्यात," एवढंच ती बोलली. 

तो घरी आला. मळणी जयराजनं उरकली होती. हळूहळू पायात जोर आला, आवाज आला. लीलाबाईला त्यानं काहीच सांगितलं नाही. तिनंच हात सोडले होते, हे तिला कळलं असतं तर ती आयुष्यभर स्वतःला बोल लावत बसली असती. रान, गुरं, भाकरी... दिवस पहिल्यासारखे चालू लागले. दवाखान्याची गोष्ट आता संपली, असं तो स्वतःला सांगायला शिकला.

वैशाखात एका दुपारी लीलाबाई उसातलं तण भांगलून आली. उन्हानं तोंड लाल झालेलं, पदर घामानं चिंब. कृष्णात सोप्यात बसला होता. आजवर तिनं त्याचं केलं, आज आपण तिचं करावं, असं मनात येऊन तो उठला, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि तिच्यापुढं धरलं.

तिनं पेला घेतला आणि उंबऱ्यावर ठेवून दिला.

"पी की."

"ऱ्हाऊ द्या. तहान न्हाई."

"अगं, एवढ्या उन्हातनं आलीस. सकाळधरनं रानात हाईस."

लीलाबाई थोडी लाजल्यासारखी हसली. "खरं सांगू का? तुमी हसशीला मला. तुमी दवाखान्यात हुता न्हवं, तवा एक दिशी भेटून भाईर आले, बाकड्यावर टेकले. रडून रडून घसा पार सुकलावता. तितं एक म्हातारी आली बगा, तांब्या घिऊन. म्हनली, बाई, ज्याच्यासाठी आनलंवतं त्यो नगं म्हनतोय, तू तरी घोटभर घे."

कृष्णातचा हात भिंतीवर टेकला.

"...मग? तू प्यालीस?"

"न्हाई कसं म्हनायचं वं? लय ग्वाड पानी. असं पानी म्या जल्मात पेले न्हाई." ती उठली, खुरपं कुडाच्या भिंतीत खोचलं, केस सारखे केले. "तवापास्नं मला तहान म्हनून लागलीच न्हाई बगा."

ती आत गेली. चुलीपुढं बसल्याचा, पीठ परातीत ओतल्याचा आवाज आला. कृष्णात तिथंच उभा होता.

"तुमच्यापुरत्याच दोन भाकरी टाकते," ती आतून म्हणाली. "मला आता भूकबी तशी लागंना झालीया."